लेफ्टनंट लिंडेगोर आणि खाडीचा कागद

लेफ्टनंट आस्मुस लिंडेगोर वारल्याची बातमी दक्षिणेच्या वर्तमानपत्रात चार ओळींत आली. जन्म, हुद्दा, पूर्व किनाऱ्याची सफर आणि दोन ग्रंथ. चारही ओळी बरोबर आहेत. तरी आमचे पाद्रीबाबा मला म्हणाले, "एसाया, त्यांच्या होडीत बसलेला आता तूच उरलास. काहीतरी लिहून ठेव." मिशनच्या जन्ममृत्यूच्या वहीपलीकडे मी फारसं काही लिहिलेलं नाही. म्हणून जे समोर पाहिलं तेवढंच लिहितो. कुठे चुकलं असेल तर माहीतगारांनी सुधारावं.

लिंडेगोर डेन्मार्कमधल्या एका लहानशा बंदरगावचे. वडील येणाऱ्याजाणाऱ्या जहाजांना खडकांमधून वाट काढून द्यायचं काम करत. मुलगा चौदाव्या वर्षी नौदलाच्या शाळेत गेला. पुढे दोन वर्षं उष्ण बेटांवर होता, तिथे तापाने डोक्यावरचे केस गेले. दाढी राहिली. तिसाव्या वर्षी त्यांच्या हाती एक लहान तोफनौका दिली गेली आणि त्याच उन्हाळ्यात त्यांनी ती भर दुपारी वाळूच्या दांड्यावर चढवली. कुणाला इजा झाली नाही. दुसऱ्या दिवशी दोर लावून नौका ओढून काढली. चौकशीत त्यांनी वाऱ्याला दोष दिला नाही, सुकाणू धरणाऱ्यालाही नाही. "मी दुसरीकडे बघत होतो," एवढंच सांगितलं. मग त्यांना नकाशांच्या कचेरीत बसवण्यात आलं. हे सगळं त्यांनीच मला सांगितलेलं आहे, आणि सांगताना त्यांना वाईट वाटत होतं असं मला दिसलं नाही. पण ते कुठल्याच गोष्टीचं वाईट वाटल्याचं दाखवत नसत.

पूर्व किनारा त्या काळी नकाशावर म्हणजे नुसती ठिपक्यांची रेघ होती. ती रेघ पक्की करायला त्यांना आमच्याकडे पाठवलं. दक्षिणेतल्या आमच्या नानोर्तालिक गावी ते उतरले तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. वडील डॅनिश सुतार आणि आई इथली, त्यामुळे दोन्ही भाषा येत होत्या. म्हणून मला दुभाषा नेमलं. वल्ही मारायला पाच बायका घेतल्या. त्यांची म्होरकी बेआते. विधवा, तीन मुलं बहिणीकडे ठेवून आलेली, आणि तोंडाची तिखट.

पहिल्याच दिवशी लेफ्टनंटनी विचारलं, "जहाज कुठे आहे?"

बेआतेने किनाऱ्यावर उलटी घातलेली कातडी होडी दाखवली. लाकडाचा सांगाडा, त्यावर सीलची कातडी शिवून ताणलेली. त्यांनी बोट दाबून पाहिलं. कातडं आत गेलं.

"ही तर पायातल्या जोड्यासारखी आहे," ते म्हणाले.

"मग चालायला जोडाच लागतो," बेआते म्हणाली. "लाकडाचा जोडा घालून बघा बर्फात."

मी हे सौम्य करून सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ती याहून जास्त बोलली. सगळं सांग." तेव्हापासून मी सगळं सांगायला लागलो. निदान तसा प्रयत्न केला.

पहिल्या उन्हाळ्यात आम्ही किनाऱ्याने उत्तरेला चढत गेलो. ऑगस्टअखेर एका लांबलचक खाडीत शिरलो. ती कुणा दर्यावर्द्याने आतून पाहिलेली नव्हती. लेफ्टनंट तीन आठवडे रोज डोंगरावर चढून काचेतून कोन मोजत, आकडे टिपत. शेवटच्या दिवशी दोन हिमखंडांमध्ये होडी चेपली. माणसं वाचली, होडीही ठिगळं लावून चालती केली, पण कागदांची पेटी भिजली. कोऱ्या कागदांचा लगदा झाला. खाडीचे आकडे लिहिलेले मोठे जाड कागद लेफ्टनंटनी कोटाच्या आत छातीशी धरले होते म्हणून ते वाचले. पुढे हिवाळाभर त्यांना जे काही लिहायचं होतं ते त्यांनी त्याच कागदांच्या पाठीवर लिहिलं. कागद दुसरा नव्हताच.

खाडीच्या तोंडाशी एक मोठं घर होतं. दगड-मातीचं, आठ कुटुंबांचं, अडतीस माणसांचं. प्रत्येक कुटुंबाचा ओट्यावरचा भाग वेगळा, प्रत्येकीचा चरबीचा दिवा वेगळा. त्या घराने आम्हाला हिवाळ्यासाठी ठेवून घेतलं. घरातला पहिला शिकारी ऊतुआक. तोंडाने कमी बोलणारा, पण डफ हातात घेतला की सगळा किनारा ऐकायला येई. त्याची आई पुइत्सेक. तिच्या दोन्ही हातांची बोटं सांध्यांत वाकलेली होती, तरी घरातलं सगळ्यात बारीक शिवण तिचंच. आणि ऊतुआकचा धाकटा भाऊ. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही.

या लोकांना लेफ्टनंटचं नाव जमेना, म्हणून ते त्यांना दाढीवाला म्हणू लागले. दाढीवाल्याने ऑक्टोबरात घरातल्या माणसांची यादी केली. ती सोपी नव्हती. इथे कुणी स्वतःचं नाव स्वतः सांगत नाही. लेफ्टनंट विचारत, "तुझं नाव काय?" आणि माणूस शेजारच्याकडे बघत बसे. मग शेजारी सांगे. दोन दिवस असं चाललं. मग लेफ्टनंटच्या ध्यानात आलं. ते एकाला विचारायचं असेल तर दुसऱ्यासमोर जाऊन बसू लागले. लोकांना गंमत वाटली. धाकट्या भावाने तर सगळ्या घराची नावं आपणच सांगून टाकली, मधूनच खोटीही. पुइत्सेकचं नाव त्याने 'म्हातारी कोल्हीण' सांगितलं. तिने त्याच्या अंगावर हाडूक फेकलं. यादी सगळ्यात मोठ्या कागदाच्या पाठीवर उतरली, कारण अडतीस नावं आणि त्यांची नातीगोती दुसरीकडे मावेनात. त्या कागदाच्या पुढच्या बाजूला खाडीचा आतला सगळा भाग होता.

त्या हिवाळ्यात लेफ्टनंट बदलले. बदलले म्हणजे काय ते मला नीट सांगता येणार नाही. आधी ते दुर्बीण पुसत बसायचे. आता बायका शिवायला बसल्या की त्यांच्याजवळ जाऊन बसत. कोणतं कातडं कशाला, दोरा कुठल्या स्नायूचा, मूल रडलं की आई काय म्हणते, कुणाशी कुणाचं लग्न चालत नाही. पुइत्सेकने त्यांना सुई धरायला शिकवली. त्यांनी शिवलेला पहिला मोजा पाहून ती म्हणाली, "हा पाय कुणाचा आहे? असा पाय असलेला माणूस मी पाहिलेला नाही." गोष्टी ऐकता ऐकता ते भाषा शिकले, फेब्रुवारीपर्यंत माझ्याशिवाय निभावू लागले.

जानेवारीत धाकटा भाऊ कयाक, म्हणजे एकट्याची होडी, घेऊन सीलमागे गेला आणि परत आला नाही. तीन दिवसांनी वल्हं सापडलं. त्याच्या वस्तू समुद्रात टाकल्या. पुइत्सेक बरेच दिवस भिंतीकडे तोंड करून बसली. आणि त्याचं नाव त्या घरात बंद झालं. ही इथली रीत. मेलेल्याचं नाव घ्यायचं नाही. घेतलं तर त्याला ओढल्यासारखं होतं, आणि जिवंतांनाही ते बाधतं. घरात नवं मूल जन्माला आलं आणि त्याला ते नाव दिलं की मग ते पुन्हा तोंडात येतं. माझ्या आजीकडून मी हे लहानपणी ऐकलं होतं. आमच्या दक्षिणेत पाद्र्यांनी ते कधीच मोडून काढलं होतं, म्हणून मलाही त्याचं काही वाटेनासं झालं होतं. लेफ्टनंटना मी ते सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. कुणी त्या मुलाचा उल्लेख करत नाही हे लेफ्टनंटनाही दिसत होतं. त्यांना वाटलं, दुःख आहे म्हणून.

एप्रिलमध्ये परतीची तयारी सुरू झाली. होडीची कातडी पार गेली होती. ठिगळांवर ठिगळं. नऊ मोठ्या सीलची कातडी हवी होती आणि ती एवढी त्या किनाऱ्यावर फक्त ऊतुआककडे होती. त्याने ती देईन म्हणून हिवाळ्यातच सांगितलं होतं. जुलैत बर्फ फुटतं, तेव्हा पाण्यात उतरायचं, नाहीतर आणखी एक वर्ष. बेआते आणि बाकीच्या बायकांनी घरी एकच हिवाळा सांगितला होता.

निघण्यापूर्वी यादी एकदा पडताळून घ्यावी असं लेफ्टनंटना वाटलं. घरातली सगळी माणसं ओट्यावर होती. ते मध्ये उभे राहिले, कागद धरला आणि जहाजावर हजेरी घेतात तशी एकेक नाव घेऊ लागले. लोक हसत होते, प्रत्येक नावाला शेजारी "आहे, आहे" म्हणून ओरडत होता. लेफ्टनंटच्या पहिल्या जहाजावर एक कप्तान होता. कुणी खलाशी वारला की पुढच्या हजेरीला तो त्याचं नाव घेई आणि सगळे टोप्या काढून उभे राहत. लेफ्टनंटच्या मनात तेच होतं. धाकट्या भावापाशी आल्यावर त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि त्याचं नाव मोठ्याने, स्पष्ट घेतलं. उच्चार अगदी बरोबर होता. हिवाळाभर त्यांनी मेहनत घेतली होती.

कुणी ओरडलं नाही. पुइत्सेकने केस मोकळे करून तोंडावर ओढले. बायकांनी दिव्यांच्या वाती बोटांनी दाबून विझवल्या, एकामागून एक. ऊतुआक उठला आणि दाराच्या बुटक्या बोगद्यातून रांगत बाहेर निघून गेला.

"काय झालं?" लेफ्टनंटनी मला डॅनिशमध्ये विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुला माहीत होतं?"

"होय."

त्यांनी कागद घडी करून कोटात ठेवला. मला रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून आमच्याशी सगळे नीट वागत होते. मांस मिळत होतं. पण गोष्टी थांबल्या, आणि कातडी नव्हती. मी ऊतुआककडे गेलो.

"कातडी?" तो म्हणाला. "माझ्याकडे कुठली कातडी?"

त्याच्यामागे उन्हात बारा कातडी खुंट्यांवर ताणलेली होती. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यानेही मागे वळून पाहिलं आणि म्हणाला, "या वर्षी सील कमीच आहेत."

लेफ्टनंटनी मग सुया, दोन चाकू आणि तपकिरीचा अख्खा डबा घेऊन पुइत्सेकपुढे ठेवला. तिने हात लावला नाही. बेआतेने ते पाहिलं आणि बाहेर आल्यावर त्यांना धरलं.

"मुलाची किंमत किती लावलीत? एक डबा?"

"मी किंमत नाही लावली. माफी मागत होतो."

"तुमच्याकडे माफी डब्यात घालून मिळते का? सगळं उचलून परत आणा. आणि ऐका. माझा धाकटा चार वर्षांचा आहे. आणखी एक हिवाळा गेला तर तो मला ओळखणार नाही. तुम्ही हे बिघडवलंत, तुम्हीच नीट करा. कसं ते मला विचारू नका."

"कातडी मिळाली नाहीत तर मी तुम्हाला चालत घेऊन जाईन," लेफ्टनंट म्हणाले.

"समुद्रावरून?" बेआते म्हणाली आणि निघून गेली.

आठ दिवसांनी ऊतुआकने निरोप धाडला, की तो दाढीवाल्यावर गाणार आहे. आजूबाजूच्या दोन घरांनाही बोलावणं गेलं. लेफ्टनंटना वाटलं, चला, राग गेला, करमणूक आहे. मी त्यांना या वेळी सगळं सांगितलं. कुणी कुणाचं वाईट केलं तर इथे भांडत नाहीत, गातात. ज्याचं बिनसलंय तो डफ घेऊन सगळ्यांसमोर दुसऱ्याची लाज काढतो. दुसऱ्याने समोर उभं राहून, हलक्या चेहऱ्याने ते ऐकायचं. रागावला, निघून गेला, की संपलं. त्याला मग त्या किनाऱ्यावर कुणी माणसांत धरत नाही. ऐकून घेतलं तर त्याने नंतर उलट गायचं.

"तो मला मारेल?"

"डोक्याने ढुशी देईल कदाचित. ती घ्यायची."

"नौदलाच्या अधिकाऱ्याला ढुशी," ते म्हणाले. "बरं."

दुपार होती. घरापुढच्या बर्फावर साठ-सत्तर माणसं गोल करून उभी राहिली. ऊतुआक कमरेपर्यंत उघडा, हातात डफ. लेफ्टनंट समोर, नौदलाचा निळा कोट घालून. तो त्यांनी का घातला हे मी विचारलं नाही.

ऊतुआक गुडघ्यांत वाकून झुलत गाऊ लागला. गाणं मला सगळं आठवत नाही, काही कडवी आहेत ती लिहितो. दाढीवाला आमची डोकी मोजतो, आमची नाकं मोजतो. सील वर आला की तोही मोजतो, आणि तो मोजेपर्यंत सील निघून जातो. बायका वल्ही मारतात, दाढीवाला मागे बसून दगडांकडे बघतो. दगड पळून जाणार आहेत असं त्याला वाटतं. त्याने मोजा शिवला, तो कुत्र्याला घातला, कुत्रा लाजला. लोक पोट धरून हसत होते, आणि लेफ्टनंटही हसू आणून उभे होते. मग डफ हळू झाला. दाढीवाल्याला वाटतं, जे कागदावर चढलं ते त्याचं झालं. त्याने माझ्या आईच्या ओट्यावरून एक जण उचलला आणि कागदात घातला. आता हाक मारून बोलावतो. आई ऐकते. आई ऐकत राहते.

आणि ऊतुआकने पुढे येऊन कपाळावर कपाळ आपटलं. दोनदा. लेफ्टनंटच्या नाकातून रक्त आलं. कोटावर सांडलं. ते हलले नाहीत. बेआते माझ्या शेजारी उभी होती, ती पुटपुटली, "उभा राहा रे. पडू नको." इतक्या हळू की त्यांना ते ऐकू गेलं नसेल.

मग डफ त्यांच्या हातात आला. त्यांना गाता येत नव्हतं. आवाज घोगरा, ताल चुकलेला. पण मला मध्ये न घेता त्यांनी यांचीच भाषा वापरली, मोडकीतोडकी. ऊतुआकची लाज काढायची ही रीत. त्यांनी ती सोडून स्वतःचीच काढली.

मोठं जहाज होतं, त्यावर गडगडणारा, आग ओकणारा मोठा नळ होता, आणि ते दाढीवाल्याच्या हातात होतं. सूर्य वर होता. किनाऱ्यावर बायका कपडे वाळत घालत होत्या. त्याने ते जहाज जमिनीवर चढवलं. सील चढतो तसं. दाढीवाला दुसरीकडे बघत होता. आताही दुसरीकडे बघत होता. समोर आई बसली होती, ती त्याला दिसली नाही.

मग मागून एक म्हातारा म्हणाला, "जहाज जमिनीवर? उन्हात?" आणि हसायला लागला. मग सगळेच हसले. जहाज जमिनीवर कसं चढलं ते त्यांना करून दाखवायला लोकांनी लेफ्टनंटना लावलं. त्यांनी पोटावर पडून दाखवलं.

ऊतुआक मात्र वैतागला होता. "असं कोण गातं?" तो मला म्हणाला. "त्याने मला काहीतरी म्हणायला हवं होतं. मी आळशी आहे म्हणायचं, बायकोला घाबरतो म्हणायचं. आता मी पुढे काय गाऊ?"

पुइत्सेक तोवर उठून पुढे आली होती. ती लेफ्टनंटशी बोलली नाही. त्यांच्याकडे बघून हात पुढे केला.

"तो कागद," ऊतुआक म्हणाला. "ज्यात तो आहे. आईला तो पाण्यात सोडायचा आहे."

लेफ्टनंटनी कागद कोटातून काढला. मला माहीत होतं त्या कागदावर काय होतं. तीन आठवडे, आणि ज्यासाठी त्यांना पाठवलं होतं ते. जुलैत पुन्हा खाडीत शिरून मोजायला वेळ नव्हता, शिरलो तर परतीचं मोकळं पाणी हातचं गेलं. मी डॅनिशमध्ये म्हणालो, "मी तिच्याकडे एक तास मागतो. पुढची बाजू उतरवून घ्या. आकडेच आहेत, त्यांना काय त्याचं."

"तिला वाचता येतं का, एसाया?"

"नाही."

"मग मी कोणती बाजू उतरवतोय हे तिला कसं कळणार? तिला दिसेल की मी तिचा मुलगा दुसऱ्या कागदावर घेतोय."

"नावाचा भाग फाडून द्या."

त्यांनी कागद उलटासुलटा करून पाहिला. नाव अगदी मधोमध होतं आणि त्याच्याभोवती नात्यांच्या रेघा. त्यांनी रक्त पुसलं, कागद सरळ केला, आणि तसाच अख्खा पुइत्सेकच्या हातात दिला. तिने तो घडी न घालता दोन हातांनी धरून नेला. किनाऱ्याजवळ बर्फात सीलचं श्वास घ्यायचं भोक होतं, त्यात घातला आणि वल्ह्याच्या टोकाने खाली ढकलला. वरचा तुकडा थोडा वेळ तरंगत होता. आकड्यांची बाजू वर होती.

तिसऱ्या दिवशी बारापैकी नऊ कातडी आमच्या होडीपाशी येऊन पडली. आणली कुणी ते दिसलं नाही. होडी शिवायला पुइत्सेक आली. येताना म्हणाली, "दाढीवाल्याला सुई देऊ नका. होडी बुडेल." जुलैच्या मध्यावर आम्ही निघालो आणि सप्टेंबरात नानोर्तालिकला पोचलो. बेआतेचा धाकटा किनाऱ्यावर होता. तो तिच्या मागे लपला की बहिणीच्या, ते मी पाहिलं नाही. मी पेट्या उतरवत होतो.

कोपनहेगनला पुढे काय झालं ते त्यांच्या पत्रांतून कळलं. नकाशा छापला तेव्हा ती खाडी तोंडापाशी पक्की आणि आत ठिपक्यांची निघाली. वरिष्ठांनी विचारलं, आकड्यांचा कागद कुठे आहे. त्यांनी सांगितलं, दिला. कुणाला? एका बाईला. एका भल्या अधिकाऱ्याने त्यांना बाजूला घेऊन सुचवलं होतं, होडीतून पाण्यात गेला म्हणा, पाण्यात गेला हे तर खरंच आहे. लेफ्टनंटनी लिहिलं होतं, 'पण मग मला त्यानंतर पुइत्सेकच्या घराबद्दल काहीच लिहिता आलं नसतं.' त्यांना पुन्हा जहाज मिळालं नाही. बढतीही वेळेवर मिळाली नाही. त्यांनी नौदल सोडलं, गावी वडिलांच्या घरात राहायला गेले, आणि बारा वर्षं खपून ते दोन ग्रंथ लिहिले: घरं, कपडे, गोष्टी, नातीगोती. डॅनिश लोकांना ते जड जातात असं म्हणतात. ऊतुआकच्या घराच्या पानावर सदतीस नावं आहेत. खाडी नंतर दुसऱ्या कुणीतरी आगबोटीतून मोजली.

पूर्व किनाऱ्यावर मिशन सुरू झालं तेव्हा मी शिकवायला म्हणून इथे आलो आणि इथेच राहिलो. पहिल्याच उन्हाळ्यात ऊतुआक मला भेटायला आला. त्याला उत्तर सुचलं होतं.

"दाढीवाल्यावर," तो म्हणाला. "लिहून घे."

मी लिहून घेतलं. जहाज जमिनीवर चढवणाऱ्याची आई घरी काय म्हणाली असेल, असं ते कडवं होतं. वर्षातून एकदा जहाज येई, त्यातून मी ते धाडलं. पुढच्या वर्षी लेफ्टनंटचं उत्तर आलं, आमच्याच भाषेत, चुका तेवढ्याच. या वेळी ऊतुआक बायकोला घाबरतो असं त्यात होतं. मी ते किनाऱ्यावर जमलेल्या लोकांसमोर वाचून दाखवलं. ऊतुआक हलक्या चेहऱ्याने उभा राहून ऐकत होता. त्याची बायको सगळ्यात जास्त हसत होती. असं अकरा वर्षं चाललं, वर्षाला एक कडवं. एकदा बर्फामुळे जहाज आलंच नाही, तेव्हा पुढच्या वर्षी दोन कडवी आली.

यंदाच्या जहाजाबरोबर ते वर्तमानपत्र आलं. ऊतुआक आता थकलाय, शिकारीला जात नाही. जहाज दिसल्यावर तो काठी टेकत आला.

"काय म्हणतोय?"

"यंदा काही नाही," मी म्हणालो. "आणि पुढच्या वर्षीही येणार नाही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. नाव विचारलं नाही, मीही घेतलं नाही. तो पेटीवर बसला. म्हणाला, "म्हणजे शेवटचं माझंच झालं."

"तुझंच."

"मग मी जिंकलो."

"तसंच म्हणायचं."

"तसं जिंकण्यात काही अर्थ नाही," तो म्हणाला. तपकीर मागितली, मी दिली. मग खलाशी पिठाची पोती उतरवायला लागले आणि त्यांची वाट अडते म्हणून तो उठून बाजूला झाला.